सामू तोच, पाणी वेगळं: खारपाण पट्ट्यात कुंड्या आणि रोपं सांभाळताना

मागच्या मे महिन्यात मी मिरचीच्या रोपांचे चार ट्रे स्वतःच्या हातानं जाळले. उन्हानं नाही, पाण्यानं.

आमचं गाव दर्यापूरकडचं, पूर्णेच्या खोऱ्यातलं. अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या भागात, आमचं घर. अंगणात दोन तोट्या आहेत. एक नळयोजनेची, धरणाचं शुद्ध केलेलं पाणी देणारी, आणि तीही चौथ्या दिवशी. दुसरी बोरची. सामू, म्हणजे पीएच, पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, मोजायचं पेनासारखं मीटर आणलं तेव्हा बोरचा सामू ८.६ निघाला आणि नळाचा ८.८. मी म्हटलं, दोन्ही सारखीच. बोरच्या पाण्याच्या १५ लिटरच्या बादलीत सायट्रिक ॲसिडचे दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण १० ग्रॅम, टाकून मी रोपांना देत होते आणि रोपं छान चालली होती. मग बोरची मोटर जळाली. त्या दिवशी नळ आला होता. बादली तीच, चमचे तेच, फक्त पाणी नळाचं. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा पांढुरक्या पडून करपल्या, शेंडे माना टाकून बसले.

सासूबाई ट्रेजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "पाणी तं पाणीच असते नं वं? मंग कालच्या पाण्यानं काऊन नाही जळली?"

प्रश्न अगदी बरोबर होता. उरलेल्या बादलीत मीटर बुडवलं तर आकडा ३.४. लिंबाच्या सरबताच्या जवळपास. एकाच मापानं एक पाणी सुधारलं आणि दुसरं बिघडलं, कारण मी दोन्हींचा फक्त सामू पाहिला होता.

सामू आणि अल्कलिनिटी

सामू म्हणजे तवा आत्ता किती तापलाय. अल्कलिनिटी म्हणजे चुलीत सरपण किती आहे. तव्यावर पाण्याचा शिपका मारला की तो लगेच गार होतो, पण खाली सरपण भरपूर असेल तर मिनिटात पुन्हा तापतो. सरपण नसेल तर तेवढ्याच शिपक्यानं तवा थंडगार पडतो.

पाण्यातलं हे सरपण म्हणजे बायकार्बोनेट आणि कार्बोनेट. बोरच्या पाण्यात ते रग्गड असतं. तुम्ही आम्ल टाकता, ते खाऊन टाकतं, आणि रोज पाणी देताना कुंडीतल्या मातीचा सामू चढवत राहतं. नळाच्या पाण्यात सरपण थोडंच. त्याचा सामू ८.८ दिसतो खरा, पण त्या आकड्यात दम नसतो. शेणखत घातलेल्या मातीत ते पाणी गेलं की माती त्याला आपल्या सामूवर आणते. म्हणून नुसत्या सामूवरून औषध ठरवायचं नाही.

दुसरी गोष्ट कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची. खारपाण म्हटलं की लोकांना वाटतं पाण्यात खनिजं ठासून भरलेली असणार. भरलेली असतात, पण बहुतांश सोडियम. झाडाला जे लागतं ते कॅल्शियम-मॅग्नेशियम कमीच. नळाच्या पाण्यात तर एकूणच कमी. म्हणजे दोन्ही तोट्यांतून येणारं पाणी झाडाच्या दृष्टीनं उपाशीच, पण एक पाणी नुसतं उपाशी आहे आणि दुसरं उपाशी असून वर उपद्रवी.

पहिलं काम: पाणी ओळखा

स्वयंपाकघरात याच्या खुणा आधीच दिसत असतात. आमच्या बोरच्या पाण्यात तुरीची डाळ पटकन शिजून गाळ होते, भातावर पिवळसर झाक येते. साबणाला फेस इतका येतो की हात धुऊन धुऊन बुळबुळीतच राहतात. हे मऊ पाणी, म्हणजे कॅल्शियम कमी आणि सोडियम बायकार्बोनेट जास्त. जड पाण्याचं उलट असतं: साबण फुटतो, डाळ शिजता शिजत नाही, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. पाणी जड असेल तर या लेखातलं बरंचसं तुमच्या कामाचं नाही, तुमच्याकडे कॅल्शियम आहे.

हळदीचा कागदही करून पाहा. टीपकागद हळदीच्या पाण्यात भिजवून सुकवा, पट्ट्या कापा. हळद साडेसातच्या पुढे रंग बदलायला लागते आणि नवाच्या आसपास चांगली लालसर तपकिरी होते. आमच्या बोरच्या ताज्या पाण्यात पट्टी जेमतेम मळकट होते. तेच पाणी दहा मिनिटं उकळून गार केलं की पट्टी ठळक लाल होते. उकळल्यावर बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतो सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा. "पाणी उकळून गार करून झाडांना द्या" हा सल्ला जड पाण्याला थोडा लागू पडतो, कारण तिथं चुना तळाशी बसतो. मऊ खाऱ्या पाण्याला तो घातक आहे.

पण खुणांवर थांबू नका. ग्रामपंचायतीत जाऊन पाणी तपासायची पेटी मागा. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी फील्ड टेस्ट किट दिल्या आहेत आणि त्या वापरायला गावातल्या बायकांना शिकवलंय. ती पेटी पिण्याच्या पाण्यासाठी आहे, पण तिच्यातल्या दोन चाचण्या आपल्या कामाच्या: अल्कलिनिटी आणि टोटल हार्डनेस, म्हणजे पाण्याचा जडपणा. थेंब मोजून रंग बदलेपर्यंत टाकायचं, पेटीतल्या कागदाप्रमाणे गुणायचं. दोन्ही आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात येतात. एकाच मापात येतात म्हणूनच पुढची वजाबाकी करता येते.

अल्कलिनिटीतून जडपणा वजा करा आणि उरलेल्याला ५० नं भागा. आलेला आकडा म्हणजे आरएससी, रेसिड्यूअल सोडियम कार्बोनेट, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेलं बायकार्बोनेट-कार्बोनेट, मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर या मापात. प्रयोगशाळेच्या अहवालात हाच आकडा छापून येतो. १.२५ च्या आत असेल तर पाणी सुरक्षित, १.२५ ते २.५ म्हणजे जपून वापरायचं, २.५ च्या वर म्हणजे काही उपाय केल्याशिवाय देऊ नये.

आमच्या घरचे आकडे असे निघाले:

नळ: सामू ८.८, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १५०, अल्कलिनिटी ९०, जडपणा ७०. वजाबाकी २०, भागिले ५०, म्हणजे ०.४.

बोर: सामू ८.६, टीडीएस ७८०, अल्कलिनिटी ४५०, जडपणा ११०. वजाबाकी ३४०, भागिले ५०, म्हणजे ६.८.

सामूत ०.२ चा फरक आणि आरएससीत सतरा पट. माझे ट्रे या फरकातच जळाले.

शेतासाठी किंवा मोठ्या रोपवाटिकेसाठी पाणी वापरणार असाल तर एकदा पूर्ण तपासणी करूनच घ्या, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून. अर्जात सिंचनाच्या पाण्याची तपासणी असं स्पष्ट लिहा, नाहीतर पिण्याच्या पाण्याचा अहवाल हातात येतो आणि त्यात सोडियम नसतो. बोर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवून मग नमुना घ्या. प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, काठोकाठ भरा, हवा राहू देऊ नका आणि एक-दोन दिवसांत पोचवा.

नळाचं पाणी: आम्ल नको, खाऊ द्या

टीडीएस दोनशेच्या आत, अल्कलिनिटी शंभराच्या आत, सामू मात्र साडेआठ-नऊ. असं पाणी असेल तर त्यात आम्ल टाकायची गरज नाही. सामू चढायला कारणंही साधी असतात. नवी सिमेंटची टाकी असेल तर पहिले काही महिने तिच्यातून चुना सुटत राहतो. उघड्या टाकीत शेवाळ असेल तर ते दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खातं, दुपारी सामू चढतो, पहाटे उतरतो. मीटर दुपारी लावलं की माणूस घाबरतो. टाकीवर झाकण ठेवा, शेवाळ घासून काढा.

ब्लिचिंगचा वास येत असेल तर बादली रात्रभर उघडी ठेवली की बास.

या पाण्याची खरी उणीव खनिजांची. मातीत लावलेल्या मोठ्या झाडाला ती जाणवत नाही, आमची काळी माती कॅल्शियमच्या बाबतीत गरीब नाही. पण कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, ट्रेमध्ये किंवा हलक्या मिश्रणाच्या कुंडीत झाडाला जे मिळायचं ते पाण्यातूनच मिळतं. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडून सडतं, मिरचीचे शेंडे आखडतात. तेव्हा आठवड्यातून दोनदा लिटरला अर्धा ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट द्या. त्यातून लिटरमागे ९० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि जोडीला नत्र मिळतं. मॅग्नेशियम सल्फेट लिटरला पाव ग्रॅम, वेगळ्या दिवशी. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र केली तर जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा, गाळ बसतो. अगदी विरळ असतील तर बसत नाही, पण घरात मापं कमीजास्त होतात, म्हणून मी दिवसच वेगळे ठेवलेत.

कोकोपीटचं एक काम मात्र आधी करावं लागतं. त्यात मुळातच सोडियम-पोटॅशियम असतं आणि कोकोपीट कॅल्शियम धरून ठेवतं, रोपाला मिळू देत नाही. मी १ किलो सुक्या कोकोपीटला २० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर भिजत ठेवते आणि सकाळी नळाच्या पाण्यानं दोनदा धुऊन पिळून घेते. हे केल्यापासून पहिल्या पानांचा पिवळेपणा गेला.

बोरचं पाणी: ड्रमची कृती

काम आहे ते इथं. क्रम चुकवू नका: आधी पातळ करा, मग आम्ल, मग कॅल्शियम. आमच्याकडे बरेच जण थेट आम्लाकडे धावतात.

पातळ करण्यासाठी पावसाचं पाणी सर्वांत चांगलं, ते नसेल तर नळाचं. दोनशे लिटरच्या निळ्या ड्रमवर शंभर लिटरची खूण ऑइलपेंटनं करून ठेवा. अर्धा ड्रम बोरचं, अर्धा पावसाचं. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी आणि जडपणा जवळपास शून्य धरायचा. म्हणजे ड्रममध्ये अल्कलिनिटी २२५, जडपणा ५५, आरएससी ३.४. अजून जास्तच आहे, पण आम्ल आता निम्मंच लागणार आणि सोडियमही निम्मं झालं. आम्लानं बायकार्बोनेट मरतं, सोडियम तिथंच राहतं. सोडियम कमी करायचा रस्ता एकच, दुसरं पाणी मिसळणं.

आता आम्ल. कुंड्यांसाठी मी अल्कलिनिटी ७५ च्या आसपास आणते. पूर्ण शून्यावर आणायची नाही, थोडं सरपण राहू द्यायचं, म्हणजे सामू अचानक कोसळत नाही. २२५ चं ७५ करायचं म्हणजे १५० कमी, म्हणजे लिटरमागे ३ मिलिइक्विव्हॅलंट. एका मिलिइक्विव्हॅलंटला सायट्रिक ॲसिड साधारण ९० मिलिग्रॅम लागतं. दोनशे लिटरच्या ड्रमला हिशेब येतो ५४ ग्रॅम.

तुमचे आकडे वेगळे असतील, म्हणून सूत्र असं धरा: जितकी अल्कलिनिटी कमी करायची तिला ५० नं भागा, ९० नं गुणा, ड्रमच्या लिटरनं गुणा, हजारनं भागा. ग्रॅम मिळतात. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व म्हणजे हेच. चमच्यानं मोजू नका, दोनशे-तीनशे रुपयांचा छोटा डिजिटल काटा घ्या. माझा काटा ट्रे जळाल्यावर आला.

हिशेबाच्या पाऊणपटच आधी टाका. तांब्याभर पाण्यात विरघळवून ड्रममध्ये ओता आणि काठीनं ढवळा. बारीक बुडबुडे येतात, तो बायकार्बोनेटमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड. तासभर थांबून मीटर लावा. ६ ते ६.५ आलं की बास. उरलेलं पाव थोडं थोडं टाकत तिथपर्यंत या. लगेच मीटर लावलं तर विरघळलेल्या वायूमुळे सामू खोटा कमी दिसतो. पाच मिनिटांत "झालं" म्हणून थांबाल आणि संध्याकाळपर्यंत सामू पुन्हा सातच्या वर.

मीटर नसेल तर जास्वंद आहे. लाल जास्वंदीच्या चार-पाच पाकळ्या कपभर गरम पाण्यात चुरगळल्या की जांभळट रस सुटतो. पांढऱ्या वाटीत ड्रमचं पाणी घेऊन त्यात चमचाभर रस टाका. हिरवट झालं तर पाणी अजून अल्कधर्मी, लख्ख गुलाबी झालं तर आम्ल जास्त झालं. मधला मळकट जांभळा रंग आपल्याला हवा. आकडा मिळत नाही, पण ट्रे जळणं नक्की टळतं. त्या दिवशी मी जास्वंदीची वाटी पाहिली असती तर रंग बघूनच बादली सांडून दिली असती.

सायट्रिक ॲसिडची एक खोड मात्र लक्षात ठेवा. मातीतले जिवाणू ते खातात आणि खाऊन झालं की बायकार्बोनेट पुन्हा तयार होतं. पाच-सहा आठवड्यांत ट्रेमधून शेतात जाणाऱ्या रोपाला काही फरक पडत नाही. पण दोन-चार वर्षं त्याच कुंडीत राहणाऱ्या गुलाबाला, मोगऱ्याला, कढीपत्त्याला सायट्रिकवर विसंबून चालत नाही.

तिथं गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड कायमचं काम करतं. ड्रमच्या याच हिशेबाला, दोनशे लिटरमध्ये ३ मिलिइक्विव्हॅलंटसाठी, ९८ टक्क्यांचं सुमारे १६ मिलिलिटर लागतं. बॅटरीत भरायचं नवं ॲसिड बरंच विरळ असतं, ते साधारण ७० मिलिलिटर लागतं. जुन्या बॅटरीतून काढलेलं ॲसिड कधीच नाही, त्यात शिसं असतं. दुकानदार ओळखपत्र मागेल, नोंद करेल, ते नियमानंच आहे. चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच, प्लॅस्टिकच्या भांड्यात, आणि नेहमी पाण्यात आम्ल. आम्लात पाणी कधीच नाही, ते उकळून तोंडावर उडतं. घरात लहान पोरं असतील तर मी म्हणेन हा मार्ग सोडाच. दहा-वीस कुंड्यांसाठी एवढा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा पिशवीतलं खत बरं. युरिया फॉस्फेट, १७:४४:००, संत्रावाले ड्रिपमधून सोडतात तेच, स्वभावानं आम्लधर्मी असतं. लिटरला ०.२ ग्रॅम टाकलं की अल्कलिनिटी साधारण साठनं उतरते. आठवड्यातून एकदाच द्या, कारण त्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, भरपूर आहे. स्फुरद जास्त झालं की लोह आणि जस्त अडकतं, म्हणजे पिवळेपणा घालवायला गेलात आणि नवा आणलात. अमोनियम सल्फेट लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा. त्यातल्या अमोनियमचं मातीत नायट्रेट होताना आम्ल तयार होतं, तेही बरोबर मुळांजवळ. जुन्या कुंड्यांसाठी मला हेच सर्वांत स्वस्त आणि बिनधोक वाटतं.

शेवटी कॅल्शियम. आम्लाचं काम झालेल्या ड्रममध्ये ४० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, म्हणजे लिटरला ३७ मिलिग्रॅम कॅल्शियम. युरिया फॉस्फेट वापरलं त्या दिवशी हे टाकायचं नाही, कॅल्शियम आणि स्फुरद मिळून पांढरा साका बसतो. मॅग्नेशियम सल्फेट महिन्यातून दोनदा, ड्रमला २० ग्रॅम. एवढं झालं की तेच बोरचं पाणी आरएससी शून्याच्या खाली येतं. आमच्या नळापेक्षाही कमी.

कुंडी कशी भरायची, पाणी कसं द्यायचं

खारपाणातली निव्वळ काळी माती कुंडीत भरू नका. सोडियमचं पाणी मिळत गेलं की चिकणमातीचे कण सुटे होतात, बारीक छिद्रं बुजतात, वर पाणी तुंबतं आणि सुकल्यावर विटेसारखी टणक होते. मी एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग वाळू किंवा भाताचं तूस घेते. तूस भंडारा-गोंदियाकडून येणाऱ्या गाडीवाल्याकडे मिळतं. बारा इंची कुंडीला एक चहाचा चमचा जिप्सम मिश्रणातच, आणि दर दोन महिन्यांनी तेवढंच वरून हलवून मिसळायचं. जिप्सम सामू फारसा उतरवत नाही, तो सोडियमला जागा सोडायला लावतो. म्हणून जिप्सम टाकलं की पाणी खालून वाहून जायलाच हवं, नाहीतर सुटलेलं सोडियम कुंडीतच बसून राहतं.

पाणी देताना घोटघोट नको. द्यायचं तर इतकं द्या की ओतलेल्यापैकी पाचवा-सहावा हिस्सा भोकातून बाहेर यावा. कुंडीखालची ताटली रिकामी करा. मातीवर पांढरी पापडी दिसली की खरवडून फेका, खाली दाबू नका. पावसाळ्यात कुंड्या ओसरीवरून काढून अंगणात मांडा. चार-सहा चांगल्या सरी कुंडी जितकी धुऊन काढतात तितकी कुठलीच कृती काढत नाही.

पावसाच्या पाण्याचा हिशेब सोपा आहे. आमच्याकडे वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पडतो. दोनशे चौरस फुटांच्या टिनावरून वर्षाकाठी दहा हजार लिटर सहज उतरतं, आणि १५ मिलिमीटरची एक सर दोनशे लिटरचा ड्रम भरते. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, त्यात टिनावरची धूळ आणि चिमण्यांची घाण असते. ड्रमच्या तोंडाला जुन्या साडीचं दुहेरी कापड बांधा, डासही होत नाहीत.

जे कुंडीत ओतायचं नाही

मे महिन्यात घरोघरी कुलर चालतात आणि संध्याकाळी टाकीत उरलेलं पाणी झाडांना जातं. वाया कशाला घालवायचं म्हणून. पण कुलर पाणी उडवतो, क्षार टाकीतच ठेवतो. आठवडाभर वरून भर घालत राहिलेल्या आमच्या कुलरचं पाणी मी मोजलं तर टीडीएस २६०० निघालं. ताटीच्या गवतावर साचलेला पांढरा थर पाहिला तरी समजतं. ते पाणी ओसरी धुवायला वापरा.

आरओच्या मशीनमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी तसंच. मशीननं गाळून वेगळे केलेले सगळे क्षार त्यातच असतात. गावातल्या वॉटर एटीएमचं शुद्ध पाणी मात्र पातळ करायला चालतं, पावसाच्या पाण्यासारखंच, फक्त त्याला पैसे पडतात.

चुलीची राख हा आमच्याकडचा जिव्हाळ्याचा विषय. "राख घातली का कीड नाही लागत" असं प्रत्येक आजी सांगते. पानावर चिमूटभर भुरभुरणं वेगळं आणि कुंडीत मूठभर टाकणं वेगळं. राख स्वतः तिखट अल्कधर्मी आहे. अल्कधर्मी पाणी आणि वर राख म्हणजे चढलेल्या तापात चादर पांघरणं. अंड्याच्या टरफलांचं एवढं वाईट नाही, ती नुसती पडून राहतात. आम्लधर्मी मातीत विरघळली असती, आपल्याकडे वर्षभरानंतरही तुकडे जसेच्या तसे सापडतात.

पिवळं पान वाचायला शिका

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह कमी पडतंय. मातीत लोह असतं, पण सामू चढला की ते झाडाला घेता येत नाही. जुनी, खालची पानं शिरांमधून पिवळी पडत असतील तर मॅग्नेशियम. पानांच्या कडाच करपत असतील तर क्षार किंवा सोडियम जास्त झालंय, तिथं खत देऊ नका, कुंडी धुवा.

लोहासाठी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, कुंडीत ओतून उपयोग नाही. अल्कधर्मी मातीत काही तासांत त्याचा गंज होतो. फवारणी चालते: लिटरभर पाण्यात आधी १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, मग ५ ग्रॅम हिराकस, संध्याकाळी. भिंतीवर उडालं तर डाग जात नाहीत. मुळाशी द्यायचं असेल तर चिलेटेड लोह, म्हणजे गंजू नये म्हणून दुसऱ्या रसायनात बांधून ठेवलेलं लोह, घ्या, पण पुडीवरचं नाव वाचून. ईडीटीए लिहिलेलं सामू साडेसहाच्या वर गेला की सुटून जातं. ईडीडीएचए लिहिलेलं, लालसर काळं आणि महाग, नवाच्या सामूतही टिकतं. बारा इंची कुंडीला १ ग्रॅम लिटरभर पाण्यातून पुरे. दुकानात विचाराल तर बहुतेक वेळा ईडीटीएच हातात देतात, कारण ते स्वस्त आणि जास्त खपणारं.

वावरासाठी थोडंसं

शेताला ड्रमची कृती करता येत नाही. तिथं हिशेब जिप्समचा: आरएससीतला एक आकडा कमी करायला दहा लाख लिटर पाण्यामागे ८६ किलो शुद्ध जिप्सम. एक एकराला पाच सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे सुमारे दोन लाख लिटर. आमच्या बोरचं ६.८ चं २.५ वर आणायचं तर शेतीच्या, सत्तर टक्के शुद्धतेच्या जिप्समची एका पाळीला साधारण शंभर किलोची भर. चार पाळ्यांचे पैसे जोडून पाहिले की शेततळ्यातल्या पावसाच्या पाण्यावर एखाद-दोन संरक्षित ओलित का बरं पडतं ते आपोआप कळतं.

बोरचे आकडे वर्षभर सारखे राहत नाहीत. मी पेटीतली चाचणी वर्षातून दोनदा करते, दिवाळीनंतर आणि मेच्या सुरुवातीला, पाणी खोल गेल्यावर. आकडे खडूनं ड्रमवरच लिहिते, तारखेसकट.

आणि नव्या पाण्यावर झाड आणल्यावर जुन्या पिवळ्या पानांकडे बघत बसू नका, ती बहुतेक हिरवी होत नाहीत. आमच्या कढीपत्त्याला ड्रमचं पाणी सुरू केलं तेव्हा दोन आठवडे काहीच दिसलं नाही. सासूबाई रोज सकाळी एक पिवळं पान तोडून माझ्या हातात ठेवायच्या, बोलायच्या काही नाहीत. चौथ्या आठवड्यात शेंड्याला गर्द हिरवी फांदी फुटली. त्या दिवशी त्यांनी तीच तोडून कढीत टाकली.